आधी तळ, मग चेहरा : जुन्या घरगुती वस्तू पारखण्यातली प्रगती

गेल्या काही महिन्यांत माझी बघण्याची पद्धत पार बदलली. जुन्या सामानाच्या विक्रीत वस्तूची दर्शनी बाजू आता मी सगळ्यात शेवटी बघते. आधी तळ, मग कडा आणि जोड, मग झीज. छाप जे सांगतो त्याला घडणीनं दुजोरा द्यायला हवा, नाहीतर वस्तू खाली ठेवायची.

सर्वाधिक वेळ चांदीच्या चमच्या-काट्यांवर गेला आणि तो सार्थकी लागला. ब्रिटिश स्टर्लिंगवर, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध असलेल्या चांदीवर, चालता सिंह असतो. जोडीला तपासणी झालेल्या शहराची खूण, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. इतर बऱ्याच देशांच्या चांदीवर नुसतं ८०० किंवा ९२५ असतं, म्हणजे हजारातले तेवढे भाग चांदी. ‘ईपीएनएस’ मात्र निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला मुलामा. त्या निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त, बस. ही अक्षरं बरेचदा वेगवेगळ्या चौकटींत ठोकलेली असतात, घाईत हॉलमार्कच वाटावा अशी. तिथे झीज कामी येते. चमच्याच्या पाठीचा टेकणारा उंचवटा आणि काट्याच्या दातांची टोकं बघा. पिवळट-राखाडी धातू डोकावत असेल तर मुलामाच.

तबकावर किंवा किटलीवर तांबूस छटा दिसली की मी हमखास थांबते. तांब्यावर चांदीचा पत्रा जोडून केलेलं जुनं शेफील्ड काम असू शकतं. पुढे तांब्यावरही विजेचा मुलामा देत, म्हणून पत्र्याची शिवण शोधायची. ती सापडली तर आनंदाला पारावार नसतो! विजेच्या मुलाम्याचं पेटंट १८४० चं, त्यानंतर ही जुनी पद्धत झपाट्यानं मागे पडली.

चुंबक खिशात असतोच, पण तो फक्त नकार देऊ शकतो. पितळी दिसणाऱ्या दिव्याला चिकटला तर आत लोखंड आहे, एवढं नक्की. चांदीला तो चिकटत नाही, पण निकेल सिल्व्हरलाही सहसा चिकटत नाही.

चिनी मातीत देशाचं नाव हा माझा आवडता धागा. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं कायद्यानं बंधनकारक झालं. त्यामुळे तिथे गेलेल्या जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) दिसतं, १९२१ पासून ‘जपान’, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या काही मालावर ‘ऑक्युपाइड जपान’. पण नाव नाही म्हणून वस्तू १८९१ च्या आधीची, असं उलटं अनुमान काढू नये. सगळा माल अमेरिकेसाठी बनत नव्हता, आणि कागदी लेबलं निघून जातात. निप्पॉनचे नकली छापही भरपूर आहेत. अशा वेळी तळाची कड बघते. वर्षानुवर्षं सरकलेल्या भांड्याला वेगवेगळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. मुद्दाम घासलेल्या भांड्याचे एकाच दिशेनं जातात.

काचेसाठी अतिनील टॉर्च घेतला. युरेनियम असलेली काच त्यात झगझगीत हिरवी उजळते. मँगनीजची काचही ३६५ नॅनोमीटरला मंद हिरवी दिसते, म्हणून मी ३९५ चा वापरते. त्यात मँगनीज जवळजवळ गप्प राहतं.

लाकडी सामानात अजून बेताचीच गती आहे. ड्रॉवर बाहेर काढून डव्हटेल, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणाऱ्या दातांचा जोड, बघते. हातानं कापलेले दात थोडे असमान असतात आणि बाजूला आखणीची रेघ राहिलेली असते. फिलिप्स स्क्रू, म्हणजे डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला, १९३० च्या दशकातला. तो ‘शंभर-दीडशे वर्षांच्या’ कपाटात दिसला, तर निदान दुरुस्ती झाली आहे.

सध्या वर्षाच्या अक्षरांचा अभ्यास चालू आहे. १९७५ च्या आधीच्या ब्रिटिश चांदीवर तेच अक्षर दर शहरात वेगळं वर्ष दाखवतं आणि काही वर्षांनी पुन्हा येतं, त्यामुळे लिपीचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार दोन्ही ओळखावे लागतात. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर आणि लंडनचं बिबट्याचं मुख आता भिंगाशिवाय ओळखता येतं; पुढची पाळी शेफील्डच्या जुन्या मुकुटाची.