मापामागचा माणूस : ठाण्यातल्या आमच्या डेंटल लॅबची वाटचाल

लॅब म्हटलं की लोकांना रक्त तपासणारी लॅब आठवते. आमच्याकडे रक्त येत नाही, मापं येतात. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, आम्ही त्यात स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओतून मॉडेल काढतो आणि त्या मॉडेलवर कॅप, ब्रिज, कवळी घडवतो. ठाणे, कळवा, ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या दवाखान्यांसाठी हे काम आम्ही वीस वर्षांहून जास्त काळ करत आलोय. ज्याच्या तोंडात आमचं काम बसतं तो माणूस आम्हाला सहसा दिसत नाही, आणि आपला दात कुणी केला हे त्यालाही ठाऊक नसतं. आमच्या धंद्यात सांगण्यासारखं जे काही घडलं, ते या न दिसणाऱ्या माणसाच्या जवळ जाण्याच्या खटपटीतून घडलं.

मी डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला, मग दादरच्या एका जुन्या लॅबमध्ये उमेदवारी केली आणि पतपेढीचं कर्ज काढून नौपाड्यात तळमजल्याच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. एक बेंच, एक लेथ, कास्टिंग मशीन आणि सेकंडहँड सिरॅमिक फर्नेस. 2004 साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि आमचं नशीब पालटलं. तोपर्यंत खाडीपलीकडची केस घ्यायची म्हणजे बसने अर्धा दिवस मोडायचा. लोकल आल्यावर आमचा डिलिव्हरीचा मुलगा सकाळी पिशवी घेऊन निघायचा, घणसोली, कोपरखैरणे, वाशी करत दुपारच्या आत परतायचा. अल्जिनेटमध्ये, म्हणजे रबरासारख्या घट्ट होणाऱ्या लगद्यात, घेतलेलं माप उघड्यावर राहिलं की सुकतं आणि आकसतं, म्हणून ते ओल्या कापसात गुंडाळून आणायचं आणि आल्या आल्या ओतायचं. त्या गाडीने वाचवलेला वेळ थेट कॅपच्या फिटिंगमध्ये दिसायला लागला.

लॅबची पाटी बघून आजही कुणी ना कुणी आत येतं. "कवळी करून द्या की, डॉक्टर फार सांगतात." आम्ही करत नाही. डेंटिस्ट अ‍ॅक्ट 1948 सालचा आहे. त्यात डेंटल मेकॅनिकची नोंदणी आहे, पण पेशंटच्या तोंडात हात घालायचा अधिकार डेंटिस्टचा. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. जुनी कवळी टोचतेय म्हणून आलेल्या आजींच्या हिरडीवर नुसती घासल्याची जखम आहे की दुसरं काही, हे मला कळणार नाही. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम डॉक्टरांनी बघायलाच हवी. अशा आजींना आम्ही जवळच्या दवाखान्याचा पत्ता लिहून देतो.

सुरुवातीची बरीच वर्षं सगळं काम धातूवरच्या सिरॅमिकचं होतं. मेणात दात कोरायचा, तो इन्व्हेस्टमेंटमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या साच्याच्या पावडरीत, पुरायचा, मेण जाळून त्या पोकळीत निकेल-क्रोमचा रस ओतायचा, मग त्या टोपीवर सिरॅमिकचे थर भाजायचे. काम सुबक व्हायचं, पण काही वर्षांनी हिरडी थोडी वर सरकली की कडेला काळी रेघ दिसायची. त्याहून मोठी काळजी धुळीची होती. इन्व्हेस्टमेंटमध्ये सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. काही निकेल-क्रोम मिश्रधातूंमध्ये बेरिलियमही असतं, कारण त्याने ओतीव काम सोपं होतं. घासताना उडणारी त्याची पूड फार घातक. नफा हातात येऊ लागला तेव्हा आम्ही पहिला खर्च प्रत्येक बेंचला सक्शन लावण्याचा केला आणि बेरिलियम असलेला धातू घेणं कायमचं बंद केलं. त्यामुळे आमचा दर बाजारापेक्षा वर गेला, काही दवाखाने सोडूनही गेले. तोंडात काय जातंय याचा विचार आता जगभर होतोय. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाता कराराच्या देशांनी 2025 च्या नोव्हेंबरमध्ये दातात भरायचं चांदीचं सिमेंट, म्हणजे पारा असलेलं अमाल्गम, 2034 पर्यंत बंद करायचं ठरवलं. पेशंटच्या तोंडात बसणाऱ्या वस्तूचा हिशेब मांडताना ती बनवणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसाचाही मांडायला हवा, असं मी प्रत्येक बैठकीत बोलतो.

नौपाड्याची जागा अपुरी पडायला लागली तसे आम्ही वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात आलो. दात कोरणारं मिलिंग मशीन आणि ते भाजून कडक करणारी सिंटरिंगची भट्टी तिथे आली. झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकची, चकती भट्टीत जाण्याआधी खडूसारखी मऊ असते, त्यामुळे यंत्र ती सहज कोरतं. भाजताना ती वीस ते पंचवीस टक्के आकसते, म्हणून कॉम्प्युटर दात तेवढा मोठा कोरतो. रात्रभर भट्टी पंधराशे अंशांपर्यंत चढते आणि सावकाश उतरते. मध्येच वीज गेली तर चकतीभर केसेस वाया, म्हणून मशीनच्या आधी आम्ही बॅकअप घेतला. भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली आहेत त्यांना याचं कारण सांगायला नको.

पेशंट हल्ली दवाखान्यात "झिरकोनियाच द्या" असं सांगतात. पण झिरकोनिया एकाच प्रकारचं नसतं. त्यात यिट्रिया नावाच्या मिसळलेल्या ऑक्साइडचं प्रमाण कमी असलं की ते भक्कम आणि जरा पांढुरकं, अपारदर्शक होतं. प्रमाण वाढवलं की प्रकाश आरपार जातो, दात जिवंत दिसतो, पण ताकद बरीच उतरते. समोरच्या दाताला एक लागतं, दाढेला दुसरं, आणि रात्री दात खाणाऱ्या माणसाला आणखी वेगळा विचार. म्हणून प्रत्येक केससोबत आम्ही एक कार्ड देतो. चकती कोणत्या कंपनीची, प्रकार कोणता, बॅच नंबर काय, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. ते कार्ड पेशंटपर्यंत पोचवा, अशी डॉक्टरांना आमची विनंती असते. सगळे पोचवत नाहीत. वाचणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांकडे ते जरूर मागावं. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी कॅप काढायची वेळ आली तर त्या डॉक्टरला समोर काय आहे ते कळेल.

दवाखान्यांत तोंडाचं डिजिटल माप घेणारे स्कॅनर आले तसं मापांचं येणं कमी झालं. आता निम्म्याहून जास्त केसेस फाइल म्हणून येतात. फाइल सुकत नाही, आकसत नाही, लोकलमध्ये विसरत नाही. पण स्कॅनरला दिसलं तेवढंच फाइलमध्ये उतरतं. कॅपसाठी डॉक्टरांनी कोरलेल्या दाताची कड, म्हणजे मार्जिन, हिरडीखाली किंवा रक्ताखाली गेली असेल तर सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने एक गुळगुळीत रेघ मारून मोकळं होतं. स्क्रीनवर ती सुंदर दिसते. तिच्यावर केलेली कॅप उघडी राहते आणि आत दात किडतो. अशा वेळी माझी बायको, डिझाइनचं काम तीच बघते, फोन उचलते. "मॅडम, सव्वीस नंबरची मागची कड दिसत नाहीये. कॉर्ड टाकून परत स्कॅन पाठवाल का?" कॉर्ड म्हणजे हिरडी बाजूला सारायचा दोरा. पेशंटला पुन्हा बोलवायचं म्हणजे डॉक्टरांची अडचण होते, हे आम्हाला कळतं. तरी आम्ही फोन करतो. ज्या दवाखान्यांना हे पटलं ते आमच्याकडे टिकले.

माप बघून माणूस किती कळतो हे मी कामावर येणाऱ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवतो. वरच्या दातांच्या माना बाहेरून खोलगट झिजलेल्या दिसल्या तर आडवा, रगडून ब्रश मारण्याची सवय असू शकते, नाहीतर वर्षानुवर्षांची मिश्री. दाढांचे डोंगर सपाट झाले असतील तर रात्री दात खाण्याची शक्यता. आणि एक माप असं येतं की ट्रे अर्धाच आत गेलेला असतो, मागच्या दाढा मापात उतरलेल्याच नसतात. पूर्वी असं माप एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं असायचं. आता फॉर्मवर वय बघितलं की पोटात कालवतं, कितीतरी वेळा ते पंचवीस-तीस असतं. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात तो हा आजार. त्यातून कॅन्सर होऊ शकतो. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन तळहातावर एकत्र करणारी पोरं आमच्या गाळ्याच्या कोपऱ्यावर रोज उभी असतात. तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे, म्हणून काही होत नाही, हा समज मी त्यांच्याजवळ उभं राहून खोडून काढतो. काही ऐकतात. अशा तोंडांसाठी आम्ही दोन भागांत जोडायचे ट्रे आणि दोन तुकड्यांत बसणाऱ्या कवळ्या करतो. एक अर्धा आत घालायचा, मग दुसरा, मग खटका. वेळ दुप्पट लागतो. त्यासाठी जादा पैसे लावायचे नाहीत, असं आम्ही दोघांनी ठरवलेलं आहे.

2020 च्या मार्चमध्ये दवाखाने बंद झाले, कामही थांबलं. उघडल्यावरही डॉक्टर ड्रिल चालवायला घाबरत होते, कारण तोंडातला फवारा हवेत उडतो. आम्ही मुलांचे पगार अर्धे का होईना चालू ठेवले. आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर अशी कामं आली की ती आम्ही आधी क्वचितच केली होती. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. कोविड, त्यात मधुमेह, त्यात स्टेरॉइड, आणि त्या अवस्थेत बुरशी सायनसमधून वरच्या जबड्यात शिरायची. जीव वाचवायला सर्जनना जबडा काढावा लागायचा. टाळूला भगदाड पडलं की तोंड आणि नाक एक होतं. प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर येतं, बोलणं गेंगाणं होऊन समजेनासं होतं.

त्या भगदाडात बसणाऱ्या कवळीला ऑब्च्युरेटर म्हणतात. त्याचा वरचा गोळा भरीव केला तर कवळी आपल्याच वजनाने खाली येते, कारण तिला धरायला जबडा उरलेलाच नसतो. म्हणून गोळा पोकळ लागतो. अ‍ॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) भरताना मधोमध मीठ दाबून बसवायचं, फ्लास्क, म्हणजे धातूचा साचा, बंद करून पाण्यात शिजवायचं, नंतर बारीक भोक पाडून आतलं मीठ पाण्याने विरघळवून काढायचं आणि भोक बुजवायचं. शिजवण्यात घाई चालत नाही. आधी चौऱ्याहत्तर अंशांवर बराच वेळ ठेवायचं, मग उकळीला न्यायचं. मोनोमर, म्हणजे त्यात मिसळलेला द्रव, शंभर अंशांच्या आसपासच उकळतं, एकदम तापवलं तर अ‍ॅक्रिलिकमध्ये बुडबुडे राहतात आणि त्यात घाण साठते. शिजलेला तुकडा दोन दिवस पाण्यात ठेवायचा, म्हणजे उरलेलं मोनोमर निघून जातं आणि आधीच सोललेल्या टाळूला त्रास होत नाही.

कळव्याच्या एका काकांच्या वेळी डॉक्टरांनी मला मुद्दाम दवाखान्यात बोलावून घेतलं, कडा तिथल्या तिथे घासायच्या होत्या म्हणून. तीन-चारदा आत घातला, काढला, घासला. मग डॉक्टरांनी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. ते प्यायले आणि नाकाखाली बोट लावून बघितलं. कोरडं होतं. त्यांनी खिशातून फोन काढला, घरी लावला आणि म्हणाले, "चहा टाक, निघतोय." पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ते पुन्हा तेच वाक्य मोठ्याने म्हणाले.

त्यानंतर आमचा केस-फॉर्म बदलला. पूर्वी त्यात दाताचा नंबर आणि शेड, म्हणजे रंगाची छटा, एवढंच होतं. आता वय, मधुमेह, तंबाखू-सुपारी, तोंड किती मिलिमीटर उघडतं, जुनी कवळी असेल तर ती कशी झिजलीय आणि चेहऱ्याचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो, हे सगळं मागतो. ट्यूबलाइटखाली घेतलेली शेड आम्ही घेतच नाही. वृद्धाश्रमातल्या कवळ्यांमध्ये आतल्या बाजूला पेशंटचं नाव पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली बसवून देतो, कारण तिथे धुताना कवळ्यांची अदलाबदल होते.

आज लॅबमध्ये निम्म्या मुली आहेत. त्यातल्या दोघी कळवा आणि दिव्याहून येतात. मिलिंग, प्रिंटर त्या पटकन शिकल्या. पूर्ण कवळीचे दात मेणात लावायला मात्र वर्षं जातात, आणि ते काम शिकायला नवीन कुणी फारसं तयार नाही. दात नसलेल्या म्हाताऱ्या जबड्याचं हाड झिजून सपाट झालेलं असतं. तिथे ओठाला आधार किती द्यायचा आणि हसताना दात किती दिसावा, हे अजून हातानेच ठरतं. म्हणून यंदापासून शनिवारी दुपारी आम्ही फक्त दात लावणं शिकवतो, फी घेत नाही. मेण, दात आणि मॉडेल आमचं. डेंटल मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या किंवा केलेल्या कुणीही यावं, येताना फक्त स्वतःची मेणाची सुरी आणावी, ती प्रत्येकाच्या हाताची वेगळी असते.