ठाण्याचा रिपोर्ट, इंग्लंडचे आकडे

सुट्टीला ठाण्याला गेलेली इकडची, म्हणजे इंग्लंडमधली मंडळी परत निघायच्या आधी ‘फुल बॉडी’ रक्ततपासणीचं पॅकेज हमखास उरकून घेतात. सकाळी घरी येऊन रक्त नेतात, पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. इंग्लंडमध्ये हे सुख नाही. जीपीला (फॅमिली डॉक्टरला) ‘सगळं तपासा’ म्हटलं की तो आधी विचारतो, त्रास काय होतोय? आधीचा आजार नसेल तर ४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) मोफत हेल्थ चेक होतो, तोही मोजक्याच तपासण्यांचा.

हा चिक्कूपणा वाटतो, पण त्यामागे गणित आहे. ‘नॉर्मल रेंज’ म्हणजे सहसा ९५ टक्के निरोगी माणसं ज्यात बसतात ती पट्टी. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा पट्टीबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेजात तर कितीतरी जास्त आकडे असतात. त्यामुळे लाल अक्षरं मोजत बसू नका. ज्या आकड्याने ताटातलं किंवा औषधातलं काही बदलणार आहे, तोच बघा.

तिकडचा रिपोर्ट इकडे आला की पहिला घोळ एककांचा. इंग्लंडमधल्या साखरेच्या आकड्याला १८ ने गुणलं की ठाण्याचा आकडा मिळतो, म्हणजे ५.६ म्हणजे साधारण १००. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणायचं, ट्रायग्लिसराइडला (रक्तातल्या चरबीला) ८८.६ ने. व्हिटॅमिन डी ठाण्यात २० आणि इकडे ५०, दोन्ही एकच. फेरिटिनचा (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा) आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच.

एचबीए१सीचं, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्याचं, प्रकरण जरा खोल आहे. ठाण्याचे ६.५ टक्के म्हणजे इकडचे ४८, आणि त्या आकड्याला मधुमेह सुरू होतो यावर दोन्ही देशांचं एकमत. त्याच्या आधीच्या पायरीवर नाही. ५.८ आला तर भारतातली बहुतेक लॅब ‘प्रीडायबेटिक’ छापते, इंग्लंडमध्ये ती रेघ ६.०, म्हणजे ४२ ला आहे. आपल्या लोकांनी ठाण्याचीच रेघ धरावी. कमी वजनातही आपल्याला मधुमेह गाठतो, म्हणून तर दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची पातळी इथेसुद्धा २५ ऐवजी २३ धरतात. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर थांबा. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी जुन्या होत जातात, तशी एचबीए१सी खोटी वर जाते. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) असेल तरी आकडा भरवशाचा नसतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघायची.

आपल्याकडचा नेहमीचा साचा म्हणजे ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी. यात तुपाला शिव्या घालून फार उपयोग नाही. गुन्हेगार बहुधा साखर, मैदा, दारू आणि ढीगभर भात. उपवासाची साबुदाणा खिचडीही जवळजवळ निव्वळ स्टार्चच. रात्रीच्या चार पोळ्यांच्या दोन करून वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी घ्या, आणि जेवणानंतर १५ मिनिटं चाला, उपवन तलावाकाठी नाहीतर नेरूळच्या ‘ज्वेल’ उद्यानात. ट्रायग्लिसराइडचा आकडा काही आठवड्यांतच हलतो. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलेलं असेल तर मात्र तूप, लोणी, खोबरं खरंच आवरायचं, आणि रोज १० ग्रॅमच्या आसपास इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. अनेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड ठाण्याच्या एककात ४०० च्या वर गेलं की ते जुनं सूत्र चालत नाही, तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागावं.

फेरतपासणीची घाई नको. एचबीए१सीला तीन महिने द्या, एलडीएलला सहा ते बारा आठवडे. आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको, १० ते १२ तास उपाशी, पाणी चालेल, दुधाचा चहा नाही. जिम आदल्या दिवशी बंद, नाहीतर एसजीओटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) उगाच वाढलेलं दिसतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने थायरॉइडचे आकडे फसतात. विमानात सर्दी-ताप लागला असेल तर फेरिटिन फुगतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी रक्त द्या.

शाकाहारी माणसाने आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्याने बी१२ ची तपासणी टाळू नये. फॉलिक ॲसिडच्या गोळीने हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी१२ अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

आणि बॅगेतून येणारे व्हिटॅमिन डीचे सॅशे. एकात ६०,००० युनिट, आठवड्याला एक, तेही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच. इकडे हिवाळ्यात रोजची शिफारस १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट. सॅशे रोजचं समजून कुणी घेत असेल आणि मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान सुरू झाली असेल, तर ते बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं आणि डीबरोबर कॅल्शियम व (मूत्रपिंडांसाठी) क्रिएटिनिनही तपासून घ्यावं.