पैनगंगेच्या अलीकडचा कापूस

सरकारने माणसाच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा, हे मत माझ्यात कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगेत रुजले. त्याला आधार देणारी पुस्तके पुष्कळ नंतर हाती आली.

महाराष्ट्रात १९७१च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढची सुमारे तीन दशके शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, असा दंडक राहिला. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा, म्हणजे तेव्हाचा आंध्र प्रदेश. तिथे व्यापारी बोली लावून कापूस घेत आणि काही हंगामांत तिथला भाव आमच्यापेक्षा चांगलाच चढा असे. मात्र आपल्याच रानात पिकलेला कापूस नदीपार नेणे हा गुन्हा होता आणि त्यासाठी रस्त्यावर नाकी बसवलेली होती.

शाळकरी वयात मी वडिलांबरोबर केंद्रावर जात असे. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर दूरवर जाई, रात्र गाडीखाली काढावी लागे आणि ताटकळत उभ्या असलेल्या गाडीतला कापूस वाळून वजनाला घटत जाई. आमची पाळी आली की ग्रेडर गाडीच्या पोटातून मूठभर कापूस उपसे, धागा दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून पाही, आणि एखादी पिवळी कवडी दिसली तरी ग्रेड खाली पाडे. वडिलांनी एकदा हुज्जत घातली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘पटत नसेल तर गाडी परत न्या.’ इतर कोणत्याही दुकानदाराने हे म्हटले असते, तर त्यात वावगे काहीच नव्हते. इथे परत नेऊन ती विकायची कुठे, याचे उत्तर कायद्यानेच बंद करून टाकले होते. पुढे चुकारा हप्त्यांनी मिळे, तोही सोसायटीचे कर्ज आणि भावातल्या चढउतारासाठी राखायचा ‘चढउतार निधी’ परस्पर कापून.

माझे काका या योजनेची बाजू घेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते: मंदीच्या वर्षी व्यापाऱ्याने पाडून मागितले असते, तिथे हमीभाव तरी हाती पडला. परंतु सरकारने खरेदीला उतरावे, याला माझी हरकत नव्हती आणि आजही नाही. हरकत आहे ती दुसरे गिऱ्हाईक शोधण्याच्या मनाईला. योजना खरोखरच शेतकऱ्याच्या हिताची असती, तर तिला नाक्यावरच्या पोलिसाची गरज का पडावी, हा माझा प्रश्न काकांनी नेहमीच हसून टाळला.

महाविद्यालयात असताना शरद जोशींचा विचार समजू लागला. रास्त भावासाठी शेतकरी संघटना उभी करणाऱ्या या माणसाने १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढून उघडपणे खुल्या व्यवस्थेची मागणी केली, याचे आमच्या भागातल्या अनेकांना कोडे वाटे. मला वाटले नाही. त्यानंतर १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळल्याचे वाचले, आणि केंद्रावरचा तो प्रकार एका खात्यापुरता नव्हता, हे ध्यानात आले.

या विचाराच्या कडव्या मंडळींबरोबर मी शेवटपर्यंत जात नाही. पाटबंधारे, न्यायालये आणि गावची शाळा बाजारावर सोडावी, असे मला वाटत नाही. मात्र डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा शहरातल्या माझ्या मित्रांनी स्वस्ताईचे स्वागत केले आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. ग्राहकाला दिलासा द्यायचा असेल, तर सरकारने तो आपल्या तिजोरीतून द्यावा. कांदेवाल्याच्या खिशातून नव्हे.