खरं कार्ड, फक्त जुनं नाहीये

"मामा, डुप्लिकेट नाहीये हे. खरं कार्ड आहे, फक्त जुनं नाहीये."

आज दुपारी दादरला ताईकडे भाच्याने पोकेमॉन कार्डांचं फोल्डर उघडलं आणि पहिल्याच पानावर चारिझार्ड, तो आग ओकणारा ड्रॅगन! तीच १९९९ ची पिवळी बॉर्डर, तेच १२० एचपी (म्हणजे खेळातला जीव), खाली नंबरही तोच ४/१०२. मी उडालोच, एवढ्या महागाचं कार्ड ह्याच्याकडे कुठून आलं? तर पठ्ठ्याने बोट ठेवून दाखवलं, चित्रावर छोटासा पिकाचूवाला २५ चा शिक्का. पोकेमॉनला २५ वर्षं झाली म्हणून २०२१ मध्ये जुनी २५ कार्डं परत छापली होती, त्यातलं हे.

आणि मला आठवली आमची कार्डं, शाळेबाहेरच्या टपरीवरची, दोन रुपयाला पाकीट, मागचा निळा रंग पार जांभळट, स्पेलिंगचा तर आनंदच. त्यासाठी मारामाऱ्या केल्यात राव! म्हणजे माझी जुनी पण खोटी, ह्याची खरी पण नवी.

"तुझी कुठेयत मामा?"

आईने रद्दीत दिली असं सांगितलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू घरच विकलं.

येताना लोकलमध्ये तेच डोक्यात. कोणी आज ती जांभळट कार्डं परत छापली तर मी घेईन का? बहुतेक घेईन. तुमच्यापैकी कोणाकडे आहेत का अजून?