चढावरच्या गप्पा

ट्रेल रनिंग, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर पळणं, करणाऱ्यांचं एक उघड गुपित आहे: चढ आला की जवळजवळ सगळेच चालतात. यात कमीपणा काही नाही. चढ एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला की त्याच वेगाने पळण्यापेक्षा चालायला कमी शक्ती लागते. पावलं आखूड टाकायची, तळहात गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांवर रेटायचे आणि छाती मोकळी ठेवायची. कंबरेत दुमडून गेलं की श्वास अडतो, म्हणून थोडं झुकायचं ते घोट्यापासून. एवढं जमलं की धाप आटोक्यात राहते आणि तोंडातून एक पूर्ण वाक्य निघू शकतं. ते निघत नसेल तर वेग जास्त झाला, असं समजावं. नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ नंतर घेतलं तरी चालतं.

हे वाक्य महत्त्वाचं, कारण मैत्रीची सुरुवात तिथेच होते. लहान मुलं असलेल्या बाईच्या वाट्याला दिवसभरात बोलणं पुष्कळ येतं, पण त्यातलं बहुतेक सूचनांच्या स्वरूपात: हे घाल, ते ठेव, आवर, चल. पायवाट अरुंद असते, त्यामुळे एकामागून एक जावं लागतं. पुढची बोलते, मागची ऐकते, दोघींची नजर वाटेवर. समोरासमोर बसून जे बोलायला जड जातं, ते इथे सहज बोललं जातं. मध्येच निसरडा दगड आला की गप्पा तुटतात, पन्नास पावलांनी पुन्हा जोडल्या जातात, आणि तुटल्याचं कुणाला अवघड वाटत नाही. उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही.

वेळेचा हिशेब मात्र आधी करून निघावं. सपाट रस्त्यावरचा किलोमीटर इथे काही कामाचा नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा मांडला. आजच्या मापात तो असा: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १०० मीटर उंची चढणं हे सपाटीवरच्या ८०० मीटरहून थोडं जास्तच. पळणारीचा वेग वेगळा असला तरी हे प्रमाण अंदाजाला पुरतं. त्यापेक्षा सोपी रीत म्हणजे अंतर सोडून द्यावं आणि मिनिटं धरावीत. हाताशी पन्नास मिनिटं आहेत आणि जाताना चढ आहे? मग सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या मिनिटाला वळलं तरी चालतं, परतीला उतार असतो. जाताना उतार असेल तर गणित उलटं, विसाव्या मिनिटालाच वळायला हवं. घरी कुणीतरी ठरल्या वेळेला वाट पाहत असतं, त्यामुळे ही चूक दोनदा परवडत नाही.

बाळंतपणानंतर कधी सुरू करावं, हा प्रश्न घाईने सोडवायचा नव्हे. ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना लिहिल्या. पळणं लवकरात लवकर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, तेही तपासणी करून, असा त्यांचा सल्ला आहे. त्यातल्या चाचण्या घरच्या घरी करून बघता येतात: तीस मिनिटं चालणं, एका पायावर दहा सेकंद तोल धरणं, प्रत्येक पायावर दहा वेळा अर्धवट बसून उठणं, जागच्या जागी एक मिनिट पळणं, प्रत्येक पायावर दहा लंगडी उड्या. हे करताना लघवी निसटली, योनीमार्गात जडपणा किंवा खाली ओढल्यासारखं वाटलं, कंबर किंवा ओटीपोट दुखलं, तर थांबावं आणि या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावं. ‘मुलं झाल्यावर असं होतंच’ म्हणून बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात, ते बरोबर नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना व्यायामाने पुष्कळदा चांगला फरक पडतो. दूध पाजत असाल तर निघायच्या आधी पाजून किंवा काढून घ्यावं. भरलेल्या छातीने उतारावर पळणं ही शिक्षा आहे.

ब्रिटिश धावपटू जॅस्मिन पॅरिसचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधली २६८ मैलांची स्पाइन रेस तिने ८३ तासांत जिंकली, पुरुषांनाही मागे टाकून, आणि वाटेतल्या थांब्यांवर ती लेकीसाठी दूध काढत होती. ऐकून अंगावर काटा येतो, जरूर यावा. पण आठवड्यातून दोनदा तासभर मोकळा मिळवणं हीही काही कमी शर्यत नाही, आणि तिला पदक नसतं.

खरी परीक्षा उतारावर. चढावर फार तर दम लागतो, पडझड होते ती उतरताना. टाच पुढे रोवून ब्रेक लावत उतरलं की सगळा धक्का गुडघ्यांवर येतो आणि पायही घसरतो. त्याऐवजी पावलं आखूड आणि भराभर, गुडघे किंचित वाकलेले, हात पसरलेले, नजर पायांवर न ठेवता तीन-चार मीटर पुढे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना हाय हाय होते. हे हळूहळू कमी होतं, पहिल्यांदा उतार थोडाच घ्यावा एवढंच. आणि रात्री मूल चारदा उठलं असेल तर त्या सकाळी खडकाळ उतार सोडून द्यावा. झोप कमी असली की पाऊल उशिरा सावरतं, आणि घोटा बहुधा बाहेरच्या बाजूला मुरगळतो.

बुटांत अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नखं काळी पडतात ती उतारावर पाय पुढे सरकून आपटल्यामुळे. मोठा बूट घेऊन लेस सैल बांधली तरी तेच होतं. वरच्या जादा भोकातून लेसचा छोटा फासा करून दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओवली की टाच जागेवर बसते. तळाचे रबरी खिळे चिखलाला खोल, कोरड्या खडकाला उथळ बरे. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीचा डुचमळ आवाज नको असेल तर ती भरून उलटी धरावी आणि नळीतून हवा ओढून घ्यावी. तासाभराच्या पळण्याला सोबत खाणं लागत नाही. दीड तासाच्या पुढे लागतं.

सोबतीचे काही अलिखित नियम असतात, ते पाळले तर गट टिकतो. वाट फुटेल तिथे पुढच्यांनी थांबायचं. मात्र शेवटची येताक्षणी सगळ्या ताज्यातवान्या होऊन निघाल्या, तर तिला विश्रांती मिळतच नाही आणि पुढच्या खेपेला ती येत नाही. तिची धाप बसली की निघायचं, आणि शक्यतो तिलाच पुढे ठेवायचं. एखादीने ऐन वेळी ‘आज नाही जमत’ कळवलं तर कारण विचारू नये. तिच्या घरी ताप असेल, परीक्षा असेल, किंवा तिला नुसतं झोपायचं असेल. पुढची वेळ मात्र बुटांवरचा चिखल ओला असतानाच ठरवावी. घरी जाऊन फोनवर ठरवू म्हटलं की चौघींची चार कामं आडवी येतात, आणि बोलणं ‘बघू गं’वर येऊन थांबतं.