भिगवणला लेकरांना घेऊन जाताय? आधी उजनीची टक्केवारी बघा, मग होडी ठरवा

"फ्लेमिंगो शंभर टक्के दिसणार ताई, नाही दिसले तर पैसे परत." फोनवर हे ऐकून आम्ही मायलेकी जानेवारीत भिगवणला गेलो. फ्लेमिंगो एकही दिसला नाही. पैसे परत मिळणं लांबच, ठरल्याच्या दुपटीहून जास्त मागितले गेले. त्यात भर म्हणून होडीवाल्याने आम्हाला अशा ठिकाणी उतरवलं की माझी बारा वर्षांची लेक मांडीपर्यंत गाळात रुतली. एवढं होऊनही भिगवणला जरूर जा, असंच मी म्हणेन. पण बदकं आणि हंस बघायला जा, आणि खाली लिहिलंय ते वाचून जा.

आधी फ्लेमिंगोंचं, कारण सगळी फसवणूक त्यांच्याच नावावर चालते. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा सगळा भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे मैलोन्मैल पसरलेलं पाणी. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी बुडवून गाळातून खातो. धरण भरलेलं असलं तर त्याला उभं राहायला जागाच नसते. पाऊस चांगला झालेल्या वर्षी जानेवारीत पाणी जवळजवळ काठोकाठ असतं, काठाची एखादी पट्टी तेवढी उघडी पडते. पाणी बरंच उतरून सगळीकडे गाळ उघडा पडायला लागतो तो फेब्रुवारी-मार्चात, आणि तेव्हा रोहितांचे थवे मोठे होतात. उजनीची टक्केवारी पेपरात येतच असते, निघण्याआधी ती बघा. ती उपयुक्त साठ्याची असते. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे तळाचं, टक्केवारीत न धरलेलं पाणी. पातळी त्याखाली गेली की आकडा शून्याखाली जातो, म्हणून तर उन्हाळ्यात 'उजनी उणे' अशा बातम्या येतात. टक्केवारी ऐंशी-नव्वदच्या घरात असताना कुणी फ्लेमिंगोची हमी दिली तर फोन ठेवून द्या. होडीवाल्याला पाण्याची पातळी रोज डोळ्यांनी दिसते, त्याला हे ठाऊक नसतं असं मी मानत नाही.

भरल्या पाण्यावर मिळतात ती बदकं. सूर्य नुकता वर आला होता, पाण्यावर धुकं होतं आणि त्यात सगळीकडे बारीक कुजबुज चाललेली. लेकीने दुर्बीण लावली ती थापट्यांच्या घोळक्यावर. फावड्यासारख्या चपट्या चोचींची ही बदकं एकामागे एक गोल फिरत होती, चोच पाण्यात अर्धी बुडवलेली, आणि कडेने पाणी गाळून बाहेर पडताना दिसत होतं. फिरून फिरून ती खालचं खाणं वर आणतात. पोरीने दहा-पंधरा मिनिटं दुर्बीण खाली घेतली नाही. पलीकडे तलवार बदकं, भुवई बदकं, चक्रवाकांच्या जोड्या, आणि वारकरी तर मोजता येणार नाहीत इतके. काठाच्या हिरवळीवर पट्टकदंब हंस बसलेले, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. ट्रान्समीटर लावलेल्या हंसांची सात हजार मीटरवरून उडाल्याची नोंद आहे. "आई, हे खरंच त्या बाजूने आलेत?" असं तिने कितीदा विचारलं असेल.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या होडीवाल्याने इंजिन चालू केलं आणि होडी सरळ थव्यात घातली. "ताई, काढा आता फोटो, मस्त उडतील!"

सगळा थवा उडाला. आवाज मोठा होता, फोटोही निघाले असते. मी काढले नाहीत. लेक उभी राहून म्हणाली, "दादा, नका ना उडवू त्यांना." मला तिचा फार अभिमान वाटला. तो हसला आणि पुढच्या थव्याकडे वळला. मी आवाज चढवला तेव्हा इंजिन बंद झालं, पण त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढं शिकवून न्या: बदकं खाताना माना खाली असतात. होडी जास्त जवळ गेली की एकेक मान ताठ उभी राहते. खाणं थांबतं, थवा हळूहळू दुसरीकडे पोहायला लागतो, आणि त्यानंतर उडतो. पहिल्या माना वर झाल्या की होडी थांबवायला लावा. मुलांना हे चटकन जमतं, माझ्या लेकीने तर होडीवाल्याच्या आधी ओळखलं. हिवाळाभर खाऊन अंगावर चरबी धरायची आणि मार्चात पुन्हा हिमालय गाठायचा, असा या पाखरांचा हिशेब आहे. दर अर्ध्या तासाला कुणी फोटोसाठी त्यांना उडवत असेल तर त्यांनी खायचं कधी? एके काळी आपल्याकडे येणाऱ्या पाखरांवर बंदुका चालत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढे १९९१ च्या त्यातल्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. इंजिन थव्यात घालणं हा त्याच त्रासाचा दुसरा प्रकार आहे, आणि तो आपण गिऱ्हाईक म्हणून थांबवू शकतो.

आता तो गाळ. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण जायच्या आधी मी जे काही वाचलं होतं त्यात याबद्दल एक ओळ नव्हती.

परतताना इंजिनच्या पंख्यात मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा अडकला. काढायची खटपट करायच्या ऐवजी होडीवाल्याने आम्हाला जवळच्या काठाला लावलं. "इथून पायी पाच मिनिटं, समोर दिसतंय ते गाव." समोर गाव दिसत होतं, हे खरं. मध्ये होती पाणी नुकतंच मागे सरकल्यावर उघडी पडलेली पट्टी. वरून वाळलेली, भेगा पडलेली, करकरीत. पहिली पन्नासेक पावलं छान गेली. मग लेकीचा उजवा पाय पपडी फोडून खाली गेला, तो काढायला तिने डावा रोवला आणि तोही गेला. वरची कोरडी पपडी चार बोटांची, खाली काळी राबडी. हलेल तितकी ती खाली जात होती. मी जवळ गेले तर माझाही पाय घोट्यावर गेला.

लांब हरभऱ्याला पाणी देत असलेल्या एका काकांनी पाहिलं आणि ओरडले, "ताई, तिथंच थांबा! पोरीला मागं रेलायला सांगा, बसू दे, उभं राहू नको म्हणावं!" ती मागे रेलून बसली तसं खाली जाणं थांबलं. काका एक फळी आणि लांब बांबू घेऊन आले, फळी आडवी टाकली. एक पाय आधी हलवायचा, बाजूने पाणी आत शिरू द्यायचं, मग टाच वर करून सावकाश काढायचा, तो फळीवर ठेवायचा आणि मगच दुसरा. हिसका द्यायचा नाही. बूट आतच राहिला. पाच मिनिटांची वाट पाऊण तासाची झाली. त्या पट्टीत वेड्या बाभळीचे काटे, फुटके शिंपले आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे होते, पोरीच्या तळव्याला दोन ठिकाणी कापलं.

काकांनी आणखी एक दाखवलं, ते मला गाळापेक्षा जास्त भीतीचं वाटलं. पाणी मागे सरकेल तशा शेतकरी पाणी उपसायच्या मोटारी पुढे नेतात. त्यांच्या वायरी त्या ओल्या चिखलावर पडलेल्या असतात, जोड ठिकठिकाणी नुसती टेप गुंडाळलेले. मुलं त्या ओलांडून पळतात. तेव्हा नियम एकच: जिथून होडीत बसलात तिथेच उतरायचं. तासभर उशीर झाला, इंजिन बिघडलं, काहीही झालं तरी. गाळपेर जमिनीवर, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरतात त्या जमिनीवर, नांगरट किंवा पीक दिसत असेल तर पाय टाका, मोकळी भेगाळलेली पट्टी असेल तर नाही. गमबूट नेऊ नका, ते गाळात धरले जातात. घट्ट लेसचे जुने कॅनव्हास बूट बरे.

काठावर पोचलो तर होडीवाला आमच्या आधी हजर. ठरले होते पूर्ण होडीचे १,२०० रुपये. आता ते 'माणशी' झाले होते, वर गाइडचे ५०० वेगळे, म्हणजे २,९००. गाइड म्हणजे तोच. चिखलाने भरलेली, बुटाविना उभी असलेली पोरगी समोर दिसत असताना तो हे मागत होता. मी १,२०० दिले आणि निघाले. मागून बरंच बोलला. तुम्ही व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: पूर्ण होडी, किती तास, किती रुपये, गाइडसकट, आणि थव्याजवळ इंजिन बंद. यातलं एकही लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका, कुंभारगावात होड्यांना तोटा नाही.

लाइफ जॅकेटचं मात्र कुणाच्या भरवशावर ठेवू नका. होडीत होती ती मोठ्यांच्या मापाची, पोरीच्या डोक्यावरून निघून येत होती. मुलाच्या मापाचं घरून न्या. २१ मे २०२४ ला याच धरणात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. फुगवटा शांत दिसतो, पण एवढ्या मोठ्या पाण्यावर वारा उठला की लाटा येतात. सकाळी सातच्या आत निघा, दहाच्या आत काठावर या. दुपारची फेरी मुलांसोबत करूच नका, तसंही उन्हाच्या चकाकीत दुर्बिणीतून काही धड दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर मामांची वल्ह्यांची होडी घेतली. सगळं नीट झालं, पैसे ठरले तेवढेच. वल्ह्यांच्या होडीला पाखरं कमी बुजतात, हंस आदल्या दिवसापेक्षा निम्म्या अंतरावरून बघायला मिळाले. शक्य असेल तर वल्ह्यांचीच घ्या, इंजिनवाली नकोच. जेवायला चिलापी फ्राय आणि भाकरी घ्या. मासा ताजा असतो, मुलांना काटे काढून द्या.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, दोन-अडीच तास धरा. पहाटे निघून सकाळची फेरी गाठायची कसरत लेकरांसोबत करू नका, आदल्या रात्री कुंभारगावात मुक्काम करा. आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते, जास्त ताकदीची होडीत हलते. मुलाला स्वतःची वेगळी द्या, एकीत भागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते निघण्याआधी तपासा, आम्हाला परत येऊन धावपळ करावी लागली. पट्टकदंब मार्चपर्यंत परतीला लागतात, तेव्हा हंसांसाठी डिसेंबर-जानेवारी. रोहितांसाठी उजनी तीस टक्क्यांच्या खाली आल्याची बातमी वाचा आणि तेव्हा निघा. आम्हीही त्याच बातमीची वाट बघतोय, मामांना फोन करून ठेवलाय.