काडतुसांची पावती आणि ५७२३ हा आकडा

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोहून उत्तरेकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल भातखाचरे लागतात. कापणीनंतर ती पाण्याने भरून ठेवली जातात आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके त्यांत उतरतात. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ दर हंगामात रीतसर परवाना काढून त्यांच्या शिकारीला जातात. किराण्यापासून औषधांपर्यंत सगळी खरेदी कार्डाने करणारे हे गृहस्थ काडतुसांचे पैसे मात्र रोखच मोजतात, हे गेल्या हंगामात त्यांच्याबरोबर दुकानात गेलो तेव्हा माझ्या लक्षात आले.

मला ते विसंगत वाटले. २०१६ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावानुसार कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून काडतुसांच्या खरेदीसाठीही पूर्वतपासणी सुरू झाली. गृहस्थांनी दुकानदाराकडे वाहन चालवण्याचा परवाना दिला, राज्याच्या नोंदींशी त्यांचे नाव ताडून पाहिले गेले, आणि मगच खोके त्यांच्या हाती आले. मग नोटा मोजून लपवले काय? त्यांचे उत्तर असे होते की, सरकारला काय कळते आणि सरकारने त्याचे काय करायचे हे कायद्यात लिहिलेले आहे. कार्ड कंपनीच्या बाबतीत तसे काहीच लिहिलेले नाही.

या उत्तराचा उगम एका चार अंकी आकड्यात आहे. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक दुकानाला त्याच्या धंद्यानुसार एक संकेतांक मिळतो. बंदुकांची दुकाने पूर्वी क्रीडासाहित्याच्या किंवा ‘इतर’ दुकानांच्या संकेतांकात मोडत. २०१६ मध्ये फ्लोरिडातील ऑर्लॅंडो शहरात एका नाइट क्लबमध्ये गोळीबार होऊन झालेल्या हत्याकांडापूर्वी हल्लेखोराने क्रेडिट कार्डांवर २६ हजार डॉलरहून अधिक खर्च केला होता, हे पुढे वृत्तपत्रांतून चर्चेत आले आणि अशी खरेदी बँकांनी आधीच हेरावी, ही मागणी जोर धरू लागली. न्यूयॉर्कच्या अमॅल्गमेटेड बँकेच्या अर्जावरून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०२२ साली ५७२३ हा स्वतंत्र संकेतांक मंजूर केला. मार्च २०२३ मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी त्याची अंमलबजावणी थांबवली. त्याच वर्षी फ्लोरिडा आणि टेक्सासने तो वापरण्यास मनाई करणारे कायदे केले, तर कॅलिफोर्नियाने १ मे २०२५ पर्यंत तो लागू करण्याची सक्ती केली. एकच कार्ड, एकच बँक. राज्याची सीमा ओलांडली की नियम नेमका उलटा.

गंमत अशी की या आकड्यातून कळते ते फारच थोडे. तो दुकानाची जात सांगतो, पिशवीत काय आहे ते सांगत नाही. बंदूक ठेवायची हजार डॉलरची तिजोरी आणि हजार डॉलरची रायफल बँकेला सारखीच दिसते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर ज्याच्या विक्रीत शस्त्रे, त्यांचे सुटे भाग आणि दारूगोळा यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्याच दुकानाला हा संकेतांक लागतो. तंबू-गळ विकणाऱ्या मोठ्या दुकानातल्या एका कोपऱ्यात घेतलेली काडतुसे त्यातून निसटतात. म्हणूनच या आकड्याने हत्याकांडे टळतील, ही आशा मला भाबडी वाटते.

शेजाऱ्यांची धास्ती मात्र मी भाबडी म्हणणार नाही. बंदूकमालकांची देशव्यापी नोंदवही करण्यास संघराज्य सरकारला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे आणि बंदूक घेताना होणाऱ्या संघीय तपासणीत जो खरेदीदार पात्र ठरतो, त्याची ओळख पटवणारी माहिती २४ तासांत नष्ट करावी लागते. बँकेतील नोंदींना अशी मुदत नाही. खातेदाराने बँकेच्या हवाली केलेल्या माहितीला अवाजवी झडती-जप्तीपासून नागरिकाला वाचवणाऱ्या, राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवले. १९७८ च्या कायद्याने त्यावर थोडी ठिगळे लावली, इतकेच. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमधील संसदभवनावर जमावाने केलेल्या हल्ल्यानंतर अर्थखात्याच्या एका विभागाने व्यवहार शोधण्यासाठी बँकांना शब्द आणि संकेतांक पुरवले होते, असा आरोप जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष जिम जॉर्डन यांनी केला, तेव्हा या धास्तीला राजकीय धारही आली.

अर्थात, सरकारी नोंद सुरक्षित असते या त्यांच्या विश्वासालाही तडा गेलेला आहेच. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून, लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची नावे, जन्मतारखा आणि पत्ते उघडे पडले. मी हे काढले, तेव्हा गृहस्थ जरा वेळ गप्प राहिले.

कोकणात वाढलेल्या मला या वादाची सवय व्हायला वेळ लागला. आमच्या गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे होते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. कोणाकडे बंदूक आहे हे पोलिसांनाच काय, अख्ख्या वाडीला ठाऊक असे. तिथे बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे, इथे ती दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क आहे, आणि हक्क बजावल्याची पावती कोणाच्या दप्तरात राहावी, हा प्रश्न त्यामुळेच इथे एवढा झोंबतो.

दुकानातून निघताना मी चिखलात घालायचे बूट घेतले आणि सवयीने कार्ड पुढे केले. शेजारी हसले. माझ्या बँकेच्या लेखी आता मीही बंदुकीच्या दुकानाचा गिऱ्हाईक झालो होतो.